नोंद घेणाऱ्या हातांची नोंद कोण घेणार?

मोर्णेच्या एका तीरावर जुने शहर आणि दुसऱ्या तीरावर सर्वोपचार रुग्णालय. जुन्या शहरातला गोरगरीब माणूस आजारी पडला की पूल ओलांडतो, अशोक वाटिकेच्या चौकातून जातो आणि केसपेपरच्या रांगेत उभा राहतो. ही वाट आम्हा सर्वांच्या पायाखालची आहे. परंतु अलीकडे याच वाटेने उलट दिशेने, म्हणजे दवाखान्याकडून वस्तीकडे येणारी काही माणसे आम्हाला दिसू लागली आहेत. खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मचा गठ्ठा. ही माणसे ना गोळ्या देतात, ना सुई टोचून ताप उतरवतात. ती प्रश्न विचारतात आणि उत्तरे लिहून घेतात.

एका उन्हाच्या दुपारी आमच्या शेजारच्या ओट्यावर अशीच एक मुलगी बसली होती. समोरच्या आजीने तिला आधी पाणी दिले आणि मग सरळ विचारले, "काय व पोरी, तू डाक्टर होय का नर्स?" मुलगी म्हणाली, "दोन्ही नाही आजी, मी रिसर्च असिस्टंट आहे." त्यावर आजीचा दुसरा प्रश्न आला, "म्हंजे कोन? अन् आमचं रगत नेऊन तुमाले काय भेटते?"

आजी शाळेत गेलेली नव्हती. पण तिने विचारलेले दोन्ही प्रश्न असे आहेत की भल्याभल्या संशोधकांनी त्यांची उत्तरे द्यावीत. हा संशोधन सहाय्यक कोण, आणि तो घेऊन जातो त्या रक्ताचे, त्या माहितीचे पुढे काय होते? आज आम्ही याच दोन प्रश्नांवर वाचकांशी बोलणार आहोत. कारण दवाखान्यातल्या संशोधनात एका बाजूला आमची माणसे रुग्ण म्हणून असतात आणि दुसऱ्या बाजूला आमचीच शिकलेली मुले-मुली कंत्राटावर सहाय्यक म्हणून असतात. दोन्ही टोकांना आम्ही आहोत. मधल्या खुर्चीत कोण बसले आहे, हे प्रत्येकाने आपापल्या दवाखान्यात जाऊन पाहावे.

प्रथम काम काय ते पाहू. संशोधनाचा विषय ठरवतो मोठा डॉक्टर. त्याला मंजुरी देते नीतिविषयक समिती. पैसा येतो सरकारकडून किंवा कंपनीकडून. पण संशोधन प्रत्यक्षात घडते ते सहाय्यकाच्या हातून. ओपीडीच्या आणि वॉर्डाच्या रजिस्टरमधून नेमके कोणते रुग्ण अभ्यासात बसतात ते तो शोधतो. त्यांना माहितीपत्रक वाचून दाखवतो. सही किंवा अंगठा घेतो. अंगठा असेल तर त्रयस्थ साक्षीदार बसवतो. वजन, उंची, रक्तदाब मोजतो. रक्ताच्या नळीवर नावाऐवजी क्रमांक चिकटवतो आणि ती थंड पेटीत वेळेच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवतो. मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा शोधून काढतो. तोवर तो माणूस घर बदलून गेलेला असतो, वीटभट्टीवर किंवा पुण्याला कामाला गेलेला असतो, फोनचा नंबर बदललेला असतो. हे सर्व झाल्यावर रात्री संगणकात नोंदी भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तपासायच्या.

हे कारकुनी काम आहे, असे म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना आम्ही सिकलसेलची गोष्ट सांगू इच्छितो. हा आजार आम्हा विदर्भवासीयांना नवा नाही. आमच्या बौद्ध वस्त्यांत, आदिवासी पाड्यांत आणि इतर मागास समाजांतही हाडे दुखून, कावीळ होऊन, रक्त आटून तडफडणारी लेकरे पिढ्यानपिढ्या आम्ही पाहिली आहेत. पूर्वी त्याला करणी म्हणायचे, भानामती म्हणायचे. जगाच्या वैद्यकशास्त्राला हा आजार कसा कळला? १९०४ साली अमेरिकेतील शिकागो शहरात वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा एक काळा तरुण दवाखान्यात दाखल झाला. ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकायला आला होता. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिले ते अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने. रक्तातल्या पेशी गोल नाहीत, लांबट आणि विचित्र आकाराच्या आहेत, हे त्याने पाहिले, लिहिले आणि वरिष्ठांना दाखवले. १९१० साली त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि शोधकर्ता म्हणून इतिहासात हेरिक यांचे नाव गेले. हेरिक मोठेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याच्या रक्ताने शोध लागला तो नोएल आणि ज्याच्या डोळ्यांनी तो आधी पाहिला तो आयर्न्स, ही दोन्ही नावे सामान्य माणसाला ठाऊक नाहीत. त्या तरुण सहाय्यकाने कंटाळून "रक्त: सर्वसाधारण" असे लिहून पान उलटले असते तर?

हा "तर" फार महत्त्वाचा आहे. सहाय्यकाच्या कामातला पहिला गुण म्हणजे खरेपणा. दिसले तेच लिहावे, न दिसलेले लिहू नये, आणि माहिती मिळाली नाही तर ती जागा मोकळी ठेवून "मिळाली नाही" असे लिहावे. सांगायला सोपे, करायला कठीण. दिवसाला वीस फॉर्मचे उद्दिष्ट असते, पारा ४५ च्या वर असतो, तेरावे घर कुलूपबंद असते. अशा वेळी रसवंतीच्या बाकावर बसून उरलेले फॉर्म मनाने भरायचा मोह होतो. मनाने भरलेले फॉर्म ओळखूही येतात. सगळ्यांचा रक्तदाब १२०/८० आणि सगळ्यांची वये तीस, पस्तीस, चाळीस! खऱ्या माणसांची वये अशी शून्यावर आणि पाचावर संपत नाहीत. पण ते पकडले जाईपर्यंत नुकसान झालेले असते. आणि नुकसान कोणाचे? डॉक्टरचा निबंध कुठेतरी छापून येईल. खोट्या आकड्यांवर उभी राहिलेली योजना मात्र आमच्या वस्तीत येणार नाही.

अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा घ्या. तेथील लोक वर्षानुवर्षे सांगत आले की खाऱ्या पाण्याने आमच्या किडन्या गेल्या. लोकांचे सांगणे सरकार ऐकून घेते आणि फाइल बंद करते. सांगणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. कोणत्या विहिरीचे पाणी, किती वर्षे प्यायले, सोबत कोणती वेदनाशामक औषधे घेतली, शेतात कोणती फवारणी केली, साखर आणि रक्तदाब किती, हे घरोघरी जाऊन, एकही प्रश्न न गाळता विचारणारा माणूस असल्याशिवाय कारण सिद्ध होत नाही. कारण सिद्ध झाले तर मागणीला बळ येते. मग ती मागणी उडवून लावता येत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की खरी नोंद हे गरिबाचे हत्यार आहे.

दुसरा गुण भाषेचा. माहितीपत्रकातली मराठी अशी असते की वाचणाऱ्यालाच घाम फुटावा. "सदर अभ्यासातील आपला सहभाग ऐच्छिक असून" असे वाचून दाखवले तर आजी मान डोलावते आणि अंगठा पुढे करते. त्याला संमती म्हणत नाहीत. "आजी, तू नाही म्हणालीस तरी तुझा इलाज बंद होणार नाही. उद्या मन फिरले तरी सांग, मी तुझे नाव काढीन." हे वऱ्हाडीत, आणि मोहल्ल्यात गेल्यावर तिथल्या हिंदी-उर्दूत, जो सांगू शकतो तोच खरा सहाय्यक. हे आमच्या वस्तीतल्या मुलांना जितके जमते तितके बाहेरून आलेल्यांना जमत नाही. ही आमच्या मुलांची पात्रता आहे. मुलाखतीत तिला गुण मिळत नाहीत, एवढेच.

तिसरा गुण पोटात ठेवण्याचा. सिकलसेलचे उदाहरण पुन्हा घेऊ. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी तपासणी व्हावी, हे योग्यच. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. एवढी माणसे तपासायची म्हणजे एवढी गुपिते कोणाच्या तरी हाती जाणार. वाहक मुलगी स्वतः आजारी नसते. तिचा जोडीदार वाहक नसेल तर तिचे मूल सिकलसेलग्रस्त होत नाही. पण फॉर्म हाती असलेल्याने चहाच्या टपरीवर एक शब्द टाकला की त्या मुलीचे लग्न मोडते. तपासणीला बोल लागतो आणि पुढची दहा घरे दार लावून घेतात. वस्तीतला सहाय्यक सर्वांना ओळखतो, हे त्याचे बळ आहे आणि हाच धोकाही आहे. जो स्वतःच्या घरातही तोंड उघडत नाही त्यानेच हे काम करावे.

आता चौथ्या गुणाबद्दल, आणि तो आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. तो म्हणजे वरिष्ठाला "हे चूक आहे" असे सांगण्याचे धैर्य.

अमेरिकेतील टस्कगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे काळ्या शेतमजुरांवर एक सरकारी अभ्यास चालला. सुमारे सहाशे पुरुष, त्यांपैकी ३९९ जणांना गरमीचा रोग. त्यांना खरा आजार सांगितला नाही. "तुमचे रक्त खराब आहे" एवढेच सांगितले. पेनिसिलिन हे रामबाण औषध १९४७ च्या सुमारास सर्वत्र मिळू लागले तरी त्यांना ते दिले नाही, कारण उपचार न केल्यास रोग कसा वाढतो हेच पाहायचे होते. या माणसांना चाळीस वर्षे अभ्यासात धरून ठेवले कोणी? युनिस रिव्हर्स या काळ्या परिचारिकेने. ती त्यांच्यातलीच होती. ती त्यांना गाडीतून दवाखान्यात न्यायची, घरची विचारपूस करायची. लोकांचा तिच्यावर जीव होता. त्या विश्वासाच्या दोरीनेच ही माणसे बांधली गेली. ती दुष्ट होती असे आम्ही म्हणत नाही. तिला त्या काळात दुसरी कोणती नोकरी मिळाली असती, हाही प्रश्न आहेच. पण आपला माणूस मधे असला म्हणजे आपले भलेच होईल, ही समजूत किती महागात पडते, हे टस्कगीने दाखवले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९९७ साली माफी मागितली. तोवर बहुतेकजण मेले होते.

हे अमेरिकेत झाले, येथे काय, असे कोणी म्हणू नये. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस शाळकरी मुलींना देण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्मममध्ये त्यांत आदिवासी आणि वसतिगृहांतल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. अनेकींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१० साली प्रकल्प थांबवला गेला आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. सात मुलींचे मृत्यू लसीमुळे झाले असा निष्कर्ष चौकशीत निघाला नाही, हेही आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. लस वाईट, असा आमचा मुद्दा नाही. आमच्या मुलींच्या आईबापांना विचारण्याची गरज वाटली नाही, हा मुद्दा आहे. त्या वेळी फॉर्म भरणाऱ्या एखाद्याने "पालकांची सही नाही, मी हा फॉर्म घेणार नाही" असे म्हटले असते तर?

असे म्हणायला पायाखाली जमीन लागते. ती सहाय्यकाच्या पायाखाली नसते. नेमणूक सहा महिन्यांची किंवा वर्षाची. प्रकल्प संपला की नोकरी संपली. पगार येण्यास दोन-तीन महिने उशीर. फिरण्याचा खर्च स्वतःच्या खिशातून. आमच्या माहितीतल्या एका मुलाने फॉर्ममधली चूक दाखवली, तर पुढच्या प्रकल्पात त्याला बोलावणेच आले नाही. ते कुठे घडले, याची चर्चा आम्ही येथे करत नाही, कारण असे अनुभव एका जागचे नाहीत. ज्याची भाकरी दर सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे, त्याच्याकडून निर्भीड सत्याची अपेक्षा करणे हा दुटप्पीपणा आहे.

श्रेयाचेही तेच. व्हिव्हियन थॉमस हे नाव आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. हा काळा सुतार तरुण. डॉक्टर होण्यासाठी साठवलेले पैसे मंदीत बँक बुडाल्याने गेले. १९३० साली तो डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून लागला. काम संशोधनाचे, पण पगारपत्रकावर हुद्दा झाडूवाल्याचा! जन्मतः हृदयदोष असलेल्या निळ्या पडणाऱ्या बाळांसाठीची शस्त्रक्रिया त्याने कुत्र्यांवर प्रयोग करून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ब्लॅलॉक यांनी ती प्रथम बालकावर केली तेव्हा थॉमस त्यांच्या मागे स्टुलावर उभा राहून टाका कसा घ्यावा ते सांगत होता. शस्त्रक्रियेला नाव मिळाले ब्लॅलॉक आणि टॉसिग या दोन डॉक्टरांचे. थॉमसला मानद डॉक्टरेट मिळाली ती १९७६ साली. आता कुठे जगातले डॉक्टर त्या शस्त्रक्रियेच्या नावात थॉमसचे नाव जोडू लागले आहेत. हातात विद्या, कागदावर झाडू! हा अनुभव आम्हाला परका वाटतो का?

माहिती गोळा करणे हलके काम, असे मानणाऱ्यांना आम्ही चाळीसगावची आठवण देतो. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. परदेशातल्या सर्वोच्च पदव्या मिळवलेला हा माणूस खानदेशात गावोगाव फिरून लोकांची गाऱ्हाणी ऐकून घेत होता. चाळीसगावला टांगेवाल्यांनी महाराला टांग्यात घेऊन हाकण्यास नकार दिला. शेवटी टांगा हाकता न येणारा माणूस बसला आणि अपघात होऊन बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. नोंदी करण्यासाठी हाडे मोडून घेतलेल्या माणसाचे आम्ही वारस आहोत. साउथबरो समितीपासून गोलमेज परिषदेपर्यंत त्यांचे प्रत्येक म्हणणे आकड्यांवर आणि पुराव्यांवर उभे होते. मग आमच्या मुलांनी हातात फॉर्म घेऊन दारोदार फिरणे कमीपणाचे कसे?

म्हणून आमच्या काही मागण्या आहेत. ज्याने माहिती गोळा केली त्याचे नाव अहवालात आणि निबंधाच्या आभारात आलेच पाहिजे. ज्याने विचारातही भर घातली त्याला लेखक म्हणून स्थान मिळाले पाहिजे. सहाय्यकाला लेखी करार, वेळेवर पगार, प्रवासखर्च आणि चूक दाखवल्यास संरक्षण मिळाले पाहिजे. ४५ दिवस वा त्याहून अधिक मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकांतही अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीयांना आरक्षण आहे, असे केंद्र सरकारनेच २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले आहे. केंद्राच्या प्रकल्पांतील भरतीत ते पाळले जाते का, याची माहिती आमच्या तरुणांनी माहितीच्या अधिकारात मागवावी. आणि शेवटची मागणी अशी की संशोधन संपल्यावर त्याचा निष्कर्ष त्या वस्तीत येऊन, त्या लोकांच्या भाषेत सांगितला जावा. रक्त न्यायला घर सापडते, तर उत्तर द्यायलाही सापडले पाहिजे.

वस्तीतल्या माताभगिनींना आमचे सांगणे एवढेच की अंगठा देण्याआधी पाच गोष्टी विचारा. हा इलाज आहे की अभ्यास? पैसा कोणाचा? मला धोका काय? नाही म्हटले तर माझा उपचार चालू राहील का? आणि काही इजा झाली तर जबाबदार कोण? नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. हे प्रश्न विचारल्याने सहाय्यक रागावला तर समजा की तो चुकीचा माणूस आहे. आनंदाने बसून सांगू लागला तर त्याला चहा पाजा आणि खरी माहिती द्या. अभ्यासाला पाठ फिरवू नका. ज्यांच्या आजाराची नोंद नसते, त्यांच्यासाठी औषधही तयार होत नाही.

आणि या कामात असलेल्या आमच्या भावा-बहिणींनो, तुमच्या हातातला फॉर्म हा साधा कागद नाही. तुम्ही वस्तीचे साक्षीदार आहात. साक्षीदार विकला गेला की खटला हरतो, हे आम्ही खैरलांजीपासून किती वेळा सांगावे? तथागतांनी ऐकीव गोष्ट मानू नका, स्वतः तपासून घ्या, असे सांगितले. आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुऊन शुश्रूषेचा धडा दिला. तपासणे आणि शुश्रूषा, दोन्ही तुमच्या कामात एकत्र आले आहे. ते निष्ठेने करा.

त्या दुपारी त्या मुलीने आजीला काय उत्तर दिले ते सांगून थांबतो. ती म्हणाली, "आजी, तुझ्या रक्ताने मला पगार मिळतो, डॉक्टरला नाव मिळते. तुला काय मिळाले ते सांगायला मी परत येईन." ती परत आली. सोबत रिपोर्ट होता आणि आजीच्या रक्तात लोह किती कमी आहे ते सांगून तिने आजीला पुलापलीकडे ओपीडीत नेऊन बसवले. तिचा करार त्याआधीच संपला होता. त्या येण्याचा पगार तिला कोणी दिला नाही आणि कोणत्याही अहवालात त्याची नोंद नाही. म्हणून ती आम्ही येथे केली.

जयभीम!